बावीस वर्षांनी आईच्या जागी

८ ऑगस्ट २०२५ हा श्रावणातला शुक्रवार होता. म्हणजे जिवतीच्या पूजेचा दिवस. आईने मुलांना ओवाळायचे, आणि मूल परगावी असेल तर चारी दिशांना अक्षता टाकायच्या. नेमक्या त्याच शुक्रवारी अमेरिकेत ‘फ्रीकियर फ्रायडे’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. हा निव्वळ योगायोग, डिस्नेच्या पंचांगात जिवती असण्याचे कारण नाही. पण आई आणि मुलीने एकमेकींच्या शरीरात जाऊन पडण्याच्या या गोष्टीविषयी लिहायला बसले, तेव्हा तो योगायोग माझ्या मनातून जाईना.

पहिला ‘फ्रीकी फ्रायडे’ २००३चा. मार्क वॉटर्स यांचा. त्यात टेस कोलमन ही विधवा मानसोपचारतज्ज्ञ दुसऱ्या लग्नाच्या तयारीत असते. तिची मुलगी ॲना गिटार वाजवते, आईशी भांडते आणि घरात येऊ घातलेल्या नव्या माणसाला मनातून स्वीकारत नाही. चिनी उपाहारगृहातल्या फॉर्च्यून कुकीज दोघींच्या हाती येतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी एकमेकींच्या शरीरात जाग्या होतात. आईचे काम जेमी ली कर्टिस यांनी केले होते, मुलीचे लिंडसी लोहान यांनी. निशा गणात्रा दिग्दर्शित दुसऱ्या भागात याच दोघी बावीस वर्षांनी परततात. ॲना आता हार्पर नावाच्या मुलीला एकटीने वाढवते आहे. लंडनहून आलेल्या एरिक नावाच्या विधुराशी तिचे लग्न ठरते. एरिकची मुलगी लिली आणि हार्पर एकाच शाळेत आहेत आणि त्यांचे एकमेकींशी मुळीच पटत नाही. लग्नाआधीच्या पार्टीत एक भविष्य सांगणारी बाई भेटते, आणि या वेळी चौघींची अदलाबदल होते: ॲना आणि हार्पर, टेस आणि लिली.

दुसऱ्या भागाविषयी बोलण्याआधी पहिल्या भागाचे एक श्रेय नोंदवायला हवे, कारण ते सहसा नोंदवले जात नाही. ॲना तक्रार करत असते की इंग्रजीचे शिक्षक आपल्याला मुद्दाम कमी गुण देतात. आईचा विश्वास बसत नाही. मग आई मुलीच्या शरीरात त्याच वर्गात, त्याच बाकावर बसते आणि तिच्या लक्षात येते की तक्रार खरी होती. शिवाय त्या रागाचे मूळ तिच्या स्वतःच्या शाळकरी वयात आहे: हा माणूस तिचा वर्गसोबती, आणि तिने त्याला नकार दिला होता. हसत हसत सांगितलेली ही गोष्ट कठोर आहे. मुलीचे म्हणणे पटायला आईला मुलीचे शरीर घ्यावे लागले. मुलीचा शब्द पुरेसा नव्हता.

हा चित्रपट मी तेव्हा वसतिगृहात, मैत्रिणीच्या संगणकावर पाहिला. तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते, एकवीस वर्षांची होते आणि डिस्नेचा चित्रपट आवडला असे वर्गात सांगायची सोय नव्हती. त्या शिक्षकाच्या प्रसंगाला मात्र मी हसले नाही. मी नववीत असताना एका शिक्षिकेबद्दल घरी तक्रार केली होती. आई पोळ्या लाटत होती. मान वर न करता ती म्हणाली, “तूच काहीतरी केलं असशील.” पडद्यावरच्या आईला वर्गात बसावे लागले याचा मला झालेला आनंद चांगल्या जातीचा नव्हता.

या चित्रपटांच्या मुळाशी मेरी रॉजर्स यांची १९७२ची कादंबरी आहे. ती वाचली की कळते, पडद्यावर येताना काय मिळाले आणि काय गेले. कादंबरी पूर्णपणे ॲनाबेल या तेरा वर्षांच्या मुलीच्या तोंडून येते. तिच्या शरीरात गेलेल्या आईने तो दिवस कसा काढला, हे आपल्याला जवळजवळ काहीच दिसत नाही. कादंबरीचा कळस माझ्या मते शाळेतली बैठक आहे: ॲनाबेलविषयी चर्चा करायला शिक्षक जमतात आणि आईच्या रूपात स्वतः ॲनाबेलच तिथे बसते. आपल्या पाठीमागे आपल्याविषयी काय बोलले जाते, ते ती समोर बसून ऐकते. १९७६चा चित्रपट रॉजर्स यांनीच लिहिला. त्यात बार्बरा हॅरिस आणि जोडी फॉस्टर यांच्यामुळे आईचाही दिवस दिसू लागला. २००३मध्ये दोन्ही दिवसांना सारखे वजन आले. २०२५मध्ये तिसरी पिढी आली. सुमारे पन्नास वर्षांत ही गोष्ट मुलीच्या एकट्या आवाजातून आजीपर्यंत पोहोचली, असे म्हणता येईल.

या जातीच्या गोष्टीला आणखी जुनी मुळे आहेत आणि त्यांतले एक आपल्याकडे बोट दाखवते. एफ. ॲन्स्टी या टोपणनावाने लिहिलेल्या ‘व्हाइस व्हर्सा’ (१८८२) या इंग्रजी कादंबरीत बाप आणि मुलगा यांची अदलाबदल होते. ती घडवणारा खडा हिंदुस्थानातून आणलेला असतो आणि त्याचे नाव आहे गरुड. घर लंडनचे, भांडण लंडनचे, जादू मात्र वसाहतीतून मागवलेली. २००३च्या चिनी उपाहारगृहातल्या गूढ म्हाताऱ्या बाई याच रांगेतल्या. त्या चित्रणावर टीका झाली, आणि ती योग्य होती. नव्या चित्रपटात रोझालिंड चाओ आणि लुसिल सूंग या दोघी परततात, पण जादूचा भार त्यांच्यावर नाही. तो व्हनेसा बेयर यांनी साकारलेल्या, पोटासाठी चार धंदे करणाऱ्या एका भविष्यवालीवर टाकला आहे. ही दुरुस्ती दिग्दर्शिकेने गाजावाजा न करता केली आहे.

संस्कृतात तर हा सगळा खेळ ‘भगवदज्जुकम्’ या प्रहसनात केव्हाच खेळून झाला आहे. यमदूत चुकीच्या गणिकेचे प्राण नेतो. शिष्याला योगसामर्थ्य दाखवायला परिव्राजक तिच्या देहात शिरतो. परतलेला यमदूत मग गणिकेचा जीव परिव्राजकाच्या रिकाम्या देहात घालतो. माझ्यासारख्या भाषांतर करणारीला त्यातली गंमत भाषेची वाटते. नाटकातली गणिका एरवी प्राकृत बोलते, पण परिव्राजक आत शिरताच तिच्या तोंडून संस्कृत येऊ लागते. शरीर एकाचे, भाषा दुसऱ्याची, आणि आत कोण आहे हे प्रेक्षकाला डोळे मिटूनही कळते.

इंग्रजी चित्रपटाला ही सोय नाही. तिथे सर्वांसाठी एकच सर्वनाम आहे. म्हणून नव्या चित्रपटातले काही प्रसंग मी घरी मराठीत करून पाहिले, कुणी सांगितले नव्हते तरी. पहिल्या पाचच मिनिटांत अडले. हार्पर आजीला ‘तू’ म्हणेल. आपल्याकडे आईला आणि आजीला ‘तू’च म्हणतात. पण लिली टेसला काय म्हणेल? ‘तुम्ही’. ॲनालाही ‘तुम्ही’. वडिलांची होणारी बायको आहे, आई नाही. मग अदलाबदल होते. टेसच्या शरीरातल्या लिलीला चारचौघांत सोंग टिकवायचे तर समोरच्या ॲनाला ‘तू’ म्हणावे लागेल, आईने मुलीला म्हणावे तसे. उलट, लिलीच्या शरीरातली टेस ॲनाच्या शरीराला ‘तुम्ही’ म्हणेल. त्या शरीरात हार्पर आहे. म्हणजे आजीने नातीला अहोजाहो करायचे! मी एकटीच हसत बसले.

हसून झाल्यावर लक्षात आले की या चित्रपटाची खरी गोष्ट इथेच आहे. पहिल्या भागात अदलाबदल रक्ताच्या नात्यात होती. ‘तू’ आधीपासून होते, बिघडले होते, ते दुरुस्त व्हायचे होते. दुसऱ्या भागात टेस आणि लिली यांचे नातेच नाही. ते घडायचे आहे. आई गमावलेली एक मुलगी परक्या घरात, परक्या म्हातारीच्या शरीरात, सोंग म्हणून ‘तू’ म्हणायला शिकते. शुक्रवार संपल्यावर, आपल्या शरीरात परत आल्यावर, ती ‘तुम्ही’वर परत जाईल की नाही? मराठीत हा प्रश्न एका शब्दात दिसला असता. इंग्रजीत तो प्रसंगांतून दाखवावा लागतो, आणि त्यासाठी वेळ द्यावा लागतो.

तो वेळ चित्रपटाकडे नाही. चार जणींची अदलाबदल म्हणजे दुप्पट गंमत, असा पटकथेचा हिशेब दिसतो. प्रत्यक्षात प्रत्येकीच्या वाट्याला निम्मा शुक्रवार येतो. टेसच्या शरीरात अडकलेल्या लिलीला आपला चेहरा आरशात दिसतो तेव्हा कर्टिस धमाल करतात, यात शंका नाही. वयाच्या छासष्टाव्या वर्षी आपल्या सुरकुत्यांवर किंचाळायचे आणि त्यात स्वतःविषयी कीव येऊ द्यायची नाही, हे थोडीच माणसे करू शकतील. पण म्हातारे शरीर चित्रपटाला विनोदासाठीच हवे आहे. पहिल्या भागातली आई वर्गात बसली आणि तिला मुलीविषयी काहीतरी कळले, जे बाहेरून कळणे शक्य नव्हते. लिलीला टेसच्या शरीरात राहून टेसविषयी असे काय कळते? मला फारसे सापडले नाही. त्या शरीराने एक नवरा गमावला आहे आणि लिलीने आई. दोघींचे दुःख शेजारी शेजारी ठेवलेले आहे, पटकथा मात्र लग्न मोडण्याच्या खटपटीत घाईने पुढे जाते.

तरीही मी हा चित्रपट दोनदा पाहिला. त्याचे कारण लिंडसी लोहान. २००३मध्ये त्या सतरा वर्षांच्या होत्या, २०२५मध्ये एकोणचाळीस. कर्टिस तेव्हा चव्वेचाळीस वर्षांच्या होत्या. म्हणजे मुलीचे काम करणारी नटी आता आईचे काम करणाऱ्या नटीच्या तेव्हाच्या वयाजवळ येऊन ठेपली आहे. या अदलाबदलीला कोणतीही कुकी लागली नाही. चित्रपटाच्या सुरुवातीला, जादू घडण्याआधी, ॲना आई म्हणून मुलीशी बोलते तेव्हा लोहान यांच्या चेहऱ्यावर एक थकवा आहे. तो मी ओळखते. बावीस वर्षांनी परतणाऱ्या चित्रपटाकडे हीच मोठी पुंजी होती, आणि ती त्याने दुपटीच्या हव्यासात थोडी उधळली.

कारण पडद्यावरची अदलाबदल एकाच वेळी होते. आई मुलीच्या जागी जाते त्याच क्षणी मुलगी आईच्या जागी येते, म्हणूनच संध्याकाळी दोघींना एकमेकींची क्षमा मागता येते. घरात तसे होत नाही. मी आईच्या जागी पोहोचले तेव्हा आई तिथून उठून गेलेली होती. ती आता त्र्याहत्तर वर्षांची आहे आणि माझ्या जागी येणार नाही.

मागच्या वर्षी माझी मुलगी शाळेतून आली आणि एका शिक्षकांविषयी काही सांगू लागली. मी लॅपटॉपवर होते, भाषांतर पाठवायची शेवटची तारीख होती. मान वर न करता मी म्हणाले, “तूच काहीतरी केलं असशील.” शब्द, सूर, सगळे तेच. ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेले. तिचे म्हणणे बरोबर होते. मी तिची माफी मागितली, तिने खांदे उडवले. त्या खांदे उडवण्याचा अर्थ मला माहीत आहे. तो मी तीस वर्षांपूर्वी घरातच शिकले होते.

चित्रपट पाहून आल्यावर मी आईला फोन केला आणि नववीतली ती संध्याकाळ आठवते का, असे विचारले. तिला आठवत नव्हती. कोणत्या बाई, काय झाले होते, असे तीच विचारू लागली. मी सगळे सांगितले. ती बराच वेळ ऐकत राहिली आणि म्हणाली, “मग मी शाळेत का नाही गेले गं?” मला उत्तर देता आले नाही. मग तिने विषय बदलला: त्या शुक्रवारी जिवतीची पूजा झाली, मी नव्हते म्हणून माझ्यासाठी अक्षता टाकल्या, नातीसाठीही टाकल्या.