चुलीपुढचा बाप : आपल्या साहित्यातले राहून गेलेले पान

मराठी साहित्यात घरच्या जेवणाची आठवण निघाली की आई येते. बाप आलाच तर पाटावर बसून जेवणारा येतो. ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात काही राहून गेले आहे, असे आपल्याला वाटतही नाही.

सानेगुरुजींची 'श्यामची आई' 1935 साली प्रसिद्ध झाली. त्यातला अळणी भाजीचा प्रसंग मराठी शाळेत शिकलेल्या मुसलमान पोरांनाही पाठ असतो. आई मीठ विसरते, वडील चकार शब्द न काढता भाजी खातात. वडिलांचे मोठेपण त्यात आहे, पण ते खाणाऱ्याचे मोठेपण आहे. रांधणारे हात आईचेच. पुढे 1970 साली कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले आणि घराघरांत पोचले. तेही लेकी-सुनांच्याच हाती गेले.

मग आम्ही मुस्लिम मराठी लिहिणाऱ्यांनी वेगळे काय केले? 1990 साली सोलापुरात आपले पहिले साहित्य संमेलन भरले. तेव्हापासून आपण दंगलींवर लिहिले, संशयाच्या नजरांवर लिहिले, तलाकवर आणि गरिबीवर लिहिले. ते लिहिणे गरजेचेच होते. पण आपल्या कथा-कवितांतल्या स्वयंपाकघरात डोकावले तर काय दिसते? ईद, शीरखुर्मा आणि वाटी घेऊन बसलेला हिंदू मित्र. जणू वर्षाचे उरलेले दिवस आपण जेवतच नव्हतो. पाहुण्याला दाखवायची खोली आपण साहित्यात मांडली आणि चुलीची खोली मागे ठेवली.

हा आरोप आम्ही आधी स्वतःवर करतो. कारण आमच्याकडे सांगण्यासारखे होते आणि ते आम्ही लपवले.

आमचे बालपण ढोकीचे. जिल्हा तेव्हा उस्मानाबाद, आताचा धाराशिव. बार्शी लाईटच्या छोट्या गाडीचे स्टेशन गावाला होते आणि गोरोबाकाकांचे तेर जवळच. अब्बा लग्नाच्या देगांवर बावर्चीच्या हाताखाली काम करायचे. बगारा खाना आणि दालचा ही त्यांची विद्या. निजामी राजवट 1948 साली गेली, पण तिच्या काळची ही चव आमच्या लग्नांत राहिली. मांडवामागे अब्बा कफगीर घेऊन उभे राहिले की मोठमोठी माणसे अदबीने विचारायची, "दम लागला का?" तिथे त्यांना मान होता.

1972 चा दुष्काळ पडला. लग्ने थांबली, देगा पालथ्या पडल्या. अम्मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. अब्बांचा पाय तेव्हा दुखावलेला, त्यामुळे ते घरी. अशी चूल त्यांच्याकडे आली. घरात लाल मिलोचे पीठ. त्याची भाकरी थापताना कडा फुटायच्या. अब्बा त्या ओल्या बोटांनी पुन्हा पुन्हा जोडायचे. कालवण म्हणजे तुरीची डाळ, चिंच, मिरची आणि असलाच तर भोपळ्याचा तुकडा. अब्बा त्याला दालचाच म्हणायचे. गोश्ताचे नाव नसलेला दालचा!

शंभर माणसांच्या देगेला सरावलेल्या हाताला सहा माणसांच्या पातेल्याचे मीठ कळेना. कालवण खारट व्हायचे. पाणी वाढवावे तर घागरभर पाण्यासाठी अर्धा दिवस विहिरीवर. एके रात्री अम्मी दमून आली, पहिला घास घेतला आणि म्हणाली, "निमक जास्ती हुआ जी." अब्बा म्हणाले, "देग का हात है, क्या करूं?" आणि दोघेही हसले. श्यामचे वडील प्रेमापोटी गप्प राहिले, आमची अम्मी प्रेमापोटी बोलली. दोन्ही घरांत माणुसकी तीच. पण पहिली पाठ्यपुस्तकात गेली आणि दुसरी आमच्या तोंडून कधी बाहेर पडली नाही.

का पडली नाही? कारण अब्बा चूल पेटवताना दार लोटून घ्यायचे. मांडवात हजार डोळ्यांदेखत रांधणारा माणूस स्वतःच्या घरात रांधताना लाजत होता. शाळेत डब्याची चौकशी झाली की आम्ही भावंडे सांगायचो, "अम्मीने केलंय." मजुरीसाठी आणि मानासाठी पुरुषाने रांधले तर ती कला, लेकरांसाठी रांधले तर तो बायलेपणा, हा हिशेब आम्हाला कोणी शिकवला नव्हता. तरी तो आठव्या वर्षीच आला होता. पुढे आम्ही लिहू लागलो तेव्हाही तेच खोटे चालू ठेवले. आमच्या कथांतल्या अम्म्या रांधत राहिल्या.

मात्र इथे एक सावधगिरी हवी. बापाच्या स्वयंपाकाची आठवण गोड लागते, कारण तो विरळा असतो. अब्बांनी काही महिने रांधले ते आम्हाला कालवणाच्या रंगासकट आठवते. अम्मीने त्याआधी आणि त्यानंतर जन्मभर रांधले, त्यातला एक साधा मंगळवारही आम्हाला वेगळा सांगता येत नाही. दिवसभर खडी फोडून आल्यावर भांडी तीच घासत होती, हेही लिहिले पाहिजे. नाहीतर बापाचे गुणगान आईवरचा नवा अन्याय ठरेल. चांगली आठवण ही साक्ष असते. तिने आपल्याला सोयीचे तेवढेच सांगू नये.

असे लिहिता येते, हे याच जिल्ह्यातल्या शाहू पाटोळे यांनी दाखवले आहे. त्यांचे 'अन्न हे अपूर्णब्रह्म' 2015 साली आले आणि 2024 साली ते इंग्रजीतही गेले. महार-मांग समाजांच्या मराठवाड्यातल्या खाण्याबद्दल त्यांनी लाज न बाळगता आणि टाळ्यांची अपेक्षा न धरता लिहिले. काय खाल्ले याबरोबर ते का खावे लागले, हेही सांगितले. शरणकुमार लिंबाळे यांच्या 'अक्करमाशी'त (1984) भूक तर पानोपानी आहे. त्यातच आजीसोबत राहणारा मुसलमान दादा आहे. रक्ताचे नाते नसताना लेकराला जीव लावणारा हा माणूस दलित आत्मकथनाने मराठीला दिला. मुस्लिम घरातला मायाळू पुरुष आम्हाला दुसऱ्याच्या पुस्तकात भेटावा, याचा आनंद आहे आणि थोडी खंतही.

आपल्या न लिहिण्याला आता भीतीचीही जोड मिळाली आहे. 2015 च्या कायदादुरुस्तीने राज्यात गाईबरोबर बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. कायदा आजच्या ताटाला लागू होतो, कालच्या आठवणीला नाही. पण गरिबाच्या घरी 'बडे का' काय शिजत होते हे लिहिताना आज हात आखडतो. काय खाल्ले ते सांगायला ज्या समाजाला चाचरावे लागते, त्याची आत्मकथने अर्ध्या ताटाचीच राहणार. म्हणूनच ती पूर्ण करण्याची जबाबदारी लिहिणाऱ्यांवर जास्त येते.

आमच्या नव्या लेखकांना, विशेषतः मराठवाड्यातल्या मुलामुलींना, एवढेच सांगणे आहे : ईदचा दिवस थोडा बाजूला ठेवा. एखाद्या साध्या दिवसाची चूल लिहा. तिच्यापुढे जो बसला होता, तो बाप असो की आई, त्याचे हात नीट आठवा. मीठ जास्त झाले असेल तर तसे लिहा.

अब्बा आता नाहीत. शेवटपर्यंत ते लग्नातला दालचा खाऊन म्हणायचे, "अच्छा है, लेकिन निमक कम है." आम्ही हसायचो. त्यांच्या हयातीत हे लिहिले असते तर त्यांनी दार लोटून घेणे सोडले असते का, हा प्रश्न आमच्यापाशी उरला आहे.