चरित्रातील तालीम आणि आत्मवृत्तातील पायपीट : एकोणिसाव्या शतकातील महाविद्यालयीन जीवनाचे एक वाचन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठी विद्यार्थ्याचे महाविद्यालयीन जीवन आज आपल्यापर्यंत पोहोचते ते प्रामुख्याने चरित्रे आणि आत्मचरित्रे यांच्या माध्यमातून. या दोन वाङ्मयप्रकारांत विद्यार्थ्याच्या शरीराकडे पाहण्याची दृष्टी मात्र एक नाही. प्रस्तुत लेखात या भेदाचा विचार केला आहे.

लोकमान्य टिळक १८७३ मध्ये डेक्कन कॉलेजात दाखल झाले. महाविद्यालय त्यापूर्वी पाचच वर्षे येरवड्याच्या नव्या इमारतीत आले होते. नदी जवळ होती, वसतिगृह होते. पहिले वर्ष टिळकांनी अभ्यास बाजूला सारून कुस्ती, पोहणे आणि नौकानयन यांत घालविले व परीक्षेत ते नापास झाले. न. चिं. केळकरांच्या चरित्रापासून (पहिला खंड १९२३) पुढील बहुतेक चरित्रांत ही हकीकत येते. सहाध्यायांच्या औषधांच्या बाटल्या ते फेकून देत आणि व्यायाम करा म्हणून सांगत, हीही आख्यायिका तिच्या जोडीला असते. या प्रसंगांचे वाचन उलट दिशेने झाले आहे. मंडालेचा कारावास (१९०८-१९१४) ठाऊक असलेला चरित्रकार तालमीत त्याची पूर्वतयारी पाहतो. परिणामी नापास झालेले वर्ष हे वाया गेलेले वर्ष न राहता गुंतवणूक ठरते.

येथे एक साधा प्रश्न विचारला जात नाही : वर्ष वाया घालविणे कोणाला परवडत होते? टिळकांचे वडील १८७२ मध्ये निवर्तले होते, तरी त्यांनी मागे काही तजवीज ठेवली होती. आगरकरांजवळ तेवढीही नव्हती. एकच सदरा रात्री धुवायचा, वाळवायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा, ही त्यांची हकीकत सर्वश्रुत आहे. गोखल्यांच्या शिक्षणासाठी त्यांचे थोरले बंधू दरमहा पंधरा रुपयांच्या पगारातून आठ रुपये पाठवीत. अशा विद्यार्थ्याच्या दृष्टीने परीक्षेतील अपयश म्हणजे दुसऱ्याच्या तोंडचा घास वाया जाणे होते. दम्याने त्रस्त असलेले आगरकर १८९५ मध्ये वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी गेले, हे लक्षात ठेवून औषधाच्या बाटल्यांची आख्यायिका वाचली म्हणजे तिच्यातील गंमत बरीच कमी होते. आमच्याकडे क्रीडामहोत्सवात पाहुणे टिळकांची तालीम सांगतात. आगरकरांचा सदरा मात्र गरीब विद्यार्थी निधीच्या कार्यक्रमासाठी राखून ठेवलेला असतो. दोन्ही गोष्टी एकाच महाविद्यालयाच्या आहेत, हे सहसा कोणी म्हणत नाही.

धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ (१९१५) या दृष्टीने अधिक मोलाचे वाटते. महाविद्यालयात येण्यापूर्वी, १८७५ मध्ये, ते सहावीच्या परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत सुमारे ११० मैल डोंगरवाटांनी चालत गेले. वय सतरा वर्षांचे दिसत नाही, या कारणावरून त्यांना परीक्षेस बसू दिले नाही. शरीर येथेही कसोटीला लागले आहे. परंतु आखाड्यात नव्हे, घाटात, आणि शेवटी एका अधिकाऱ्याच्या नजरेत. पुढे विल्सन व एल्फिन्स्टन महाविद्यालयांत शिकताना कर्व्यांनी शिकवण्या करून खर्च भागविला. ही सारी हकीकत ते इतक्या अलिप्तपणे सांगतात की वाचकाला तिच्यातील कष्ट स्वतःच मोजावे लागतात. चरित्रकाराला प्रसंगाचा अर्थ लावण्याची घाई असते. कर्व्यांना ती नाही. हे त्यांच्या गद्याचे खरे सामर्थ्य आहे.

व्यायाम आणि दारिद्र्य या दोन्ही कथा पुरुषांच्या आहेत, हेही नोंदविले पाहिजे. कॉर्नेलिया सोराबजी याच डेक्कन कॉलेजात शिकल्या आणि मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर झाल्या. तरीही मराठी चरित्रवाङ्मयातील डेक्कन कॉलेजच्या परिचित चित्रात त्यांना क्वचितच जागा मिळते.

या संदर्भात आगरकरांचे ‘डोंगरीच्या तुरुंगांतील आमचे १०१ दिवस’ (१८८२) हे छोटे पुस्तक पुन्हा वाचण्याजोगे आहे. कोल्हापूर प्रकरणातील शिक्षा भोगून आल्यावर लगेच लिहिलेले असल्याने पुढील कीर्तीची, किंवा टिळक-आगरकर वादाची, सावली त्यावर नाही. वसतिगृहात रात्री जागवून ज्या शाळेचे बेत केले, ती १८८० मध्ये सुरू झाली होती. आता तेच दोन मित्र कोठडीत बोलत बसले आहेत. येथे तालीमबाज आणि एकाच सदऱ्याचा धनी यांना तुरुंगाचे तेच अन्न खावे लागते, आणि लिहिणारा हा त्या दोघांपैकी दुसरा आहे.