'ऋण' आणि 'वजा' : पूर्णांकांच्या वजाबाकीची परिभाषा

प्रस्तावना : पूर्णांक संख्यांची वजाबाकी वर्गात अनेकदा 'उणे उणे अधिक' या एका वाक्यात उरकली जाते. प्रस्तुत टिपणात या वाक्याची परिभाषेच्या अंगाने चिकित्सा केली आहे.

विवेचन : ब्रह्मगुप्ताने इ. स. ६२८ मध्ये रचलेल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'च्या अठराव्या अध्यायात धन, ऋण व शून्य यांवरील क्रियांचे नियम आहेत. शून्यातून ऋण वजा केल्यास धन आणि धन वजा केल्यास ऋण उरते, असे त्यात सांगितले आहे. बाराव्या शतकातील भास्कराचार्यांच्या 'बीजगणिता'नुसार वजा करावयाची राशी धन असल्यास ऋण, ऋण असल्यास धन मानावी व नंतर बेरीज करावी. दोन्ही ग्रंथांत राशीचे स्वरूप आणि तिच्यावरील क्रिया या गोष्टी वेगळ्या राहतात.

हा भेद व्यक्त करणारे शब्द मराठीत आहेत. हिशेबाच्या व्यवहारात रुळलेला 'वजा' क्रिया सांगतो, तर 'ऋण' राशीचे स्वरूप सांगतो. 'उणे' मात्र दोन्ही ठिकाणी वापरला जातो. छापील चिन्हही एकच असल्यामुळे भेद दाखविण्याची जबाबदारी उच्चारलेल्या शब्दावर येते. ५ − (−३) हे 'पाच उणे उणे तीन' असे वाचल्यास अर्थबोध होत नाही. 'पाचातून ऋण तीन वजा' असे वाचल्यास होतो. एखाद्याजवळ आठ रुपये असून तीन रुपये देणे असेल, तर त्याची निव्वळ मालमत्ता पाच रुपये ठरते. ते देणे माफ झाले की ती आठ होते.

याउलट −३ − ५ येथेही दोन 'उणे' दिसतात. पाठ केलेले वाक्य लावून विद्यार्थी उत्तर ८ लिहितो. वस्तुतः येथे पाच ही धन संख्या आहे व दुसरे चिन्ह क्रियेचे आहे. तीन रुपयांच्या देण्यात पाच रुपयांची भर पडते. म्हणून उत्तर −८ येते.

कर्जाच्या दृष्टान्तालाही मर्यादा आहेत. दोन ऋण संख्यांच्या गुणाकारात तो अपुरा पडतो. तथापि वजाबाकीपुरता तो समर्थ आहे.

निष्कर्ष : चिन्ह बदलण्याचा नियम सदोष नाही, त्याचे संक्षिप्त पाठांतर सदोष आहे. संख्येसाठी 'ऋण' व क्रियेसाठी 'वजा' हा दंडक अध्यापनात पाळल्यास ही चूक उगमापाशीच रोखता येईल. अन्यथा परिभाषेतील संदिग्धतेचे खापर विद्यार्थ्याच्या माथी फुटते आणि तो गणितात कच्चा ठरविला जातो.