कुजलेल्या मतांचा हिशेब

आपल्या चळवळीत काही पराभव विजयांपेक्षा अधिक वेळा सांगितले जातात. १९५२ साली लोकसभेच्या पहिल्याच निवडणुकीत बाबासाहेब मुंबईत पडले, हा त्यांतला सर्वांत मोठा. जयंतीच्या भाषणात तो येतो, गाण्यात येतो, आत्मकथनात एखाद्या परिच्छेदापुरता येतो. ज्याने घटना लिहिली त्याला याच शहराने पाडले, असे वक्ता म्हणतो, सभा हळहळते आणि पुढचा वक्ता उभा राहतो. मी हे लहानपणापासून ऐकत आलो आहे. माझी तक्रार हळहळीबद्दल नाही. हळहळ संपल्यावर कोणी हिशेब मांडत नाही, ही माझी तक्रार आहे. विलापाला हिशेब लागत नाही. राजकारणाला लागतो, आणि जे साहित्य समाजाशी बांधिलकी सांगते त्यालाही तो चुकवता येणार नाही.

हिशेब मागणारा माणूस मला घरातच भेटला. माझे वडील परळच्या एका गिरणीत रिंगखात्यात होते. साचेखात्यात कमाई अधिक. पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे, म्हणून ते खाते आमच्या माणसांना वर्षानुवर्षे बंद होते. १९५२ च्या मतदानाबद्दल वडील फार बोलत नसत. "एक कागद हत्तीच्या पेटीत टाकला, दुसरा झाडाच्या," एवढेच सांगत. मग विचारीत, "झाडवाल्यांनी त्यांचा दुसरा कागद कुठं टाकला?" या प्रश्नाचे उत्तर मी आपल्या लेखनात पुष्कळ शोधले. सापडले नाही, म्हणून हा लेख.

आजच्या वाचकाला दोन कागदांची भानगड समजणार नाही. मुंबई शहर उत्तर हा तेव्हा दुहेरी मतदारसंघ होता. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव; आणि प्रत्येक मतदाराला दोन मते. दर उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह. दोन्ही मते एकाच उमेदवाराला देता येत नसत. दिलीच तर त्यातले एक बाद होई. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचा हत्ती, काँग्रेसची बैलजोडी, समाजवाद्यांचे झाड, कम्युनिस्टांचे कणीस-विळा. फेडरेशन आणि समाजवादी यांची युती होती. राखीव जागेवर बाबासाहेब, सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता. समोर काँग्रेसचे नारायण सदोबा काजरोळकर आणि विठ्ठल बाळकृष्ण गांधी. शिवाय कम्युनिस्टांचे श्रीपाद अमृत डांगे.

निकाल असा लागला. काजरोळकरांना १,३८,१३७ मते, बाबासाहेबांना १,२३,५७६. अंतर १४,५६१. सांगणारे इथे थांबतात. पण उरलेले आकडेही पाहावेत. गांधींना १ लाख ४९ हजारांवर मते मिळाली, मेहतांना १ लाख ३९ हजारांवर. म्हणजे बाबासाहेबांच्या जोडीदाराला बाबासाहेबांपेक्षा सुमारे सोळा हजार मते जास्त पडली. आणि ज्या फरकाने बाबासाहेब हरले त्यापेक्षा ही संख्या मोठी आहे. काँग्रेसच्या जोडीतही काजरोळकर गांधींच्या मागे सुमारे अकरा हजारांनी राहिले. मतदान गुप्त असते. कोणाचा कागद कोणत्या पेटीत गेला हे आकडा सांगत नाही आणि मीही त्याच्या तोंडी ते घालणार नाही. पण पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, तरी दोन्ही जोड्यांत मागे राहिला तो अस्पृश्य उमेदवार, एवढे आकडा स्पष्ट सांगतो. वडिलांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर इथे आहे.

दुसरे निम्मे बाद मतांत आहे. या मतदारसंघात सत्तर हजारांहून अधिक मते वाया गेली. कम्युनिस्टांनी आपल्या मतदारांना दुसरे मत कुजवायला सांगितले, हा आरोप तेव्हापासून होत आला आहे. बाबासाहेब आणि मेहता यांनी निवडणुकीविरुद्ध अर्जही केला. तो फेटाळला गेला. सगळी बाद मते एकट्या डांग्यांच्या खात्यावर टाकणे आपल्याला सोयीचे आहे, पण ते खरे शास्त्र नव्हे. पहिलीच निवडणूक, निरक्षर मतदार, हातात दोन कागद, यांचाही वाटा असणारच. तरीही प्रश्न उरतो. वर्गाच्या नावाने जो कामगार एक झाला असे सांगितले जात होते, त्याच्या दुसऱ्या कागदाला हत्तीची पेटी का दिसू नये? साचेखात्याचे दार ज्यांनी गिरणीत उघडले नाही, त्यांनी ते मतदानकेंद्रात उघडले नाही, असे मला वाटते.

इथे आपल्याच माणसांना एक बोल लावला पाहिजे. काजरोळकरांना लोणी विकणारा म्हणून हिणवण्याची पद्धत पडली आहे आणि आपल्या सभांतूनही त्यावर हशा पिकतो. माणसाचा धंदा काढून त्याला खाली पाहायला लावणे ही कोणाची रीत? ज्यांनी ही रीत आपल्यावर हजारो वर्षे चालवली त्यांच्याकडून ती उसनी घ्यावी, हे फुले-आंबेडकरांच्या वारसांना शोभत नाही. काजरोळकरही अस्पृश्य समाजातलेच होते. आक्षेप त्यांच्या धंद्यावर नको, त्यांना निवडणाऱ्या यंत्रणेवर हवा. राखीव जागेवरचा माणूस अस्पृश्य असेल, पण तो अस्पृश्यांनी निवडलेला असेलच असे नाही. १९३२ साली पुण्यात संयुक्त मतदारसंघ मान्य करावा लागला तेव्हापासूनची ही गाठ आहे. वीस वर्षांनी मुंबईत ती प्रत्यक्ष बाबासाहेबांच्या गळ्याशी आली. १९५४ च्या भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा तेच. तोही दुहेरी मतदारसंघ, जोडीला पुन्हा अशोक मेहता. मेहता निवडून आले, बाबासाहेब पडले.

मग सवर्णांचे दुसरे मत आपल्याकडे कधी येतच नाही काय? येते, आणि त्याचा पुरावा याच गिरणगावात आहे. १९५७ साली मतदारसंघांची फेररचना होऊन मुंबई शहर मध्य हा दुहेरी मतदारसंघ झाला. बाबासाहेबांना जाऊन काही महिनेच झाले होते. संयुक्त महाराष्ट्र समितीत फेडरेशन होते, कम्युनिस्टही होते. या मतदारसंघातून दोघे निवडून आले. एक डांगे, आणि दुसरे फेडरेशनचे गोपाळ काळुजी माने. ज्या डांग्यांवर मते कुजवल्याचा आरोप, त्यांच्याच जोडीला आपला माणूस लोकसभेत गेला. पाच वर्षांत कामगाराच्या मनातली जात गेली होती काय? नाही. मुंबई हवी होती, आणि ती एकट्याने मिळणार नव्हती. गरज त्याची होती म्हणून कागद हत्तीपर्यंत आला. या धड्याचे पुढे आपण काय केले? त्याच वर्षी रिपब्लिकन पक्ष स्थापन झाला आणि थोड्याच काळात दुरुस्त-नादुरुस्तात फुटला. आपली गरज दुसऱ्याला भासावी इतके एकत्र आपण राहिलो नाही.

१९६१ च्या कायद्याने दुहेरी मतदारसंघ संपले. दोन कागद संपले, पण दुसऱ्या मताचा प्रश्न संपला नाही. तो युतीच्या बैठकीत जाऊन बसला. १९६२ साली काजरोळकर काँग्रेसकडून पुन्हा लोकसभेत गेले. १९६७ आणि १९७१ मध्ये मुंबई मध्यमधून रा. धों. भंडारे निवडून आले. एके काळचे बाबासाहेबांचे सहकारी, आता काँग्रेसचे. ते १९७३ मध्ये बिहारचे राज्यपाल झाले आणि जानेवारी १९७४ मध्ये पोटनिवडणूक आली.

या पोटनिवडणुकीत आपल्या पिढीने वेगळा हिशेब केला. दलित पँथरने बहिष्कार पुकारला. मत देऊनही मिळत नाही, कुजवूनही मिळत नाही, तर ते न देता त्याची किंमत दाखवू, असा तो नकार होता. ५ जानेवारीला वरळीच्या बीडीडी चाळींत पँथरच्या सभेवरून दंगल पेटली. १० जानेवारीच्या मोर्चात भागवत जाधव मारला गेला. काँग्रेसचे रामराव आदिक पडले आणि कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे, म्हणजे डांग्यांच्या कन्या, निवडून आल्या. पँथरच्या साहित्यावर आपण पुष्कळ लिहिले. पण रोखलेल्या मताने गिरणगावातला निकाल कसा घडला, आणि तो घडल्यावर आपल्या हाती काय राहिले, यावर समीक्षेची दहा पाने कोणी लिहिली? नकार कवितेत पूर्ण होतो. मतदानात तो दुसऱ्या कोणाच्या तरी पारड्यात पडतोच.

पुढचा इतिहास धावत सांगतो. १९७७ च्या लाटेत मुंबई दक्षिण मध्यमधून रिपब्लिकन बापू चंद्रसेन कांबळे निवडून आले. १९८२ चा गिरणीसंप झाला आणि १९८४ मध्ये तिथे दत्ता सामंत जिंकले. शेजारच्या उत्तर मध्यमधून शिवसेनेने १९८९ मध्ये विद्याधर गोखले आणि १९९६ मध्ये नारायण आठवले हे लेखणीचे लोक पाठवले. मग ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे गेली. १९९८ मध्ये रिपब्लिकन गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता झाला आणि राखीव नसलेल्या जागांवरून चौघे जिंकले. अकोल्यातून प्रकाश आंबेडकर, अमरावतीतून रा. सू. गवई, चिमूरमधून जोगेंद्र कवाडे आणि मुंबई उत्तर मध्यमधून रामदास आठवले. एक वर्ष गेले. काँग्रेस फुटली, आपणही फुटलो, आणि १९९९ मध्ये तीच जागा मनोहर जोशींकडे गेली.

आज मुंबईतल्या सहा लोकसभा जागांपैकी एकही राखीव नाही. २०२४ मध्ये धारावीच्या राखीव विधानसभा जागेवरून पुढे आलेल्या वर्षा गायकवाड उत्तर मध्यमधून काँग्रेसच्या तिकिटावर सुमारे सोळा हजारांनी निवडून आल्या. आनंद वाटला, तो लपवण्याचे कारण नाही. पण तिकीट देणाऱ्याच्या हाती दोरी असते, आणि १९५२ चा प्रश्न अजून दारातच उभा आहे. मत कोणाचे, माणूस कोणाचा आणि तो जाब कोणाला देतो?

वडील वारले तेव्हा त्यांच्याजवळ मतदानाची कसलीच खूण नव्हती. पेटीत टाकलेला कागद कोणाला परत मिळतो? त्यांच्या पिढीतले फारच थोडे आता उरले आहेत. आपल्या लेखकांना माझे सांगणे आहे, की १९५२ वर आणखी एक शोकगीत लिहिण्याआधी आपापल्या चाळीत जावे, वस्तीत जावे, आणि तेव्हा कोणी कोणाला काय सांगितले, कोणत्या पेटीत काय टाकले, हे विचारून उतरवून घ्यावे. आपण ते उतरवले नाही, तर आपल्या मतांबरोबर आपली साक्षही कुजेल, आणि तिचा दोष मात्र दुसऱ्या कोणावर टाकता येणार नाही.