बोलणं कुठं राहिलं?

पुण्यात जपानी शिकणारी मुलं आज गल्लोगल्ली भेटतात. 'एन-फाइव्ह झाली, आता एन-फोर, मग व्हिसा' हा हिशोब तोंडपाठ. या स्वप्नाला आम्ही हसत नाही. २०१९ मध्ये जपानने विशिष्ट कौशल्य व्हिसा सुरू केला, २०२१ मध्ये त्याबाबत भारताशी करार झाला. वाट खरी आहे. आमची टीका आहे ती तयारीवर.

बघा, जेएलपीटी परीक्षेत बोलणं तपासतच नाहीत. वाचायचं, ऐकायचं आणि बरोबर उत्तराचा गोल काळा करायचा. मग बरेच क्लासही तेवढंच घोटून घेतात. पण वृद्धाश्रमात कामाला लागलेल्या मुलीपुढे एखादी आजी अर्धवट काहीतरी पुटपुटेल, तेव्हा समोर चार पर्याय नसतात. समजून घ्यायचं असतं, लगेच उत्तर द्यायचं असतं.

खरं तर मराठी माणसाला ही भाषा इतकी परकी नाही. जपानीतही क्रियापद शेवटी येतं, 'ला', 'ने', 'चा' यांसारखी अक्षरं नामानंतर लागतात. कुणाला 'तू' म्हणावं नि कुणाला 'तुम्ही', हे भान आपल्याला घरातच येतं. जपानीतल्या आदरार्थी बोलण्याचं मूळही तिथंच आहे. एवढी शिदोरी सोडून आम्ही इंग्रजीतल्या टिपा पाठ करत बसतो!

आईबाप कर्ज काढून फी भरतात. त्यांना प्रमाणपत्र दाखवण्याआधी पुस्तक मिटून दहा मिनिटं जपानीत बोलून बघू. अडखळलो, तर तिकिटाची घाई कशाला?