पातें आणि नक्षी

हातानें घडविलेलें पातें कलाकृति मानावें कीं अवजार, या प्रश्नाचा निकाल आपल्यांतील पुष्कळ सुशिक्षित लोक एका वाक्यांत लावतात : जें उपयोगीं पडतें तें अवजार, जी नुसती पाहावयाची ती कला. हें मत कितपत टिकतें, तें पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयांत अजमावून पाहावें. ‘अज्ञातवासी’ या नांवानें काव्यलेखन करणाऱ्या दिनकर केळकरांनीं (१८९६–१९९०) आयुष्यभर जमविलेला हा संग्रह १९७५ सालीं महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला.

तेथील अडकित्ते विशेष प्रेक्षणीय आहेत. कोणास मनुष्याकृतीचा डौल, कोणास पशुपक्ष्यांचा आकार. परंतु ही कारागिरी बहुधा दांड्यांवर खेळते. सुपारी कातरणारें पातें साधेंच असतें. नक्षीनें कोठें थांबावें हें येथें धारेनें ठरविलें आहे. घोड्याची मान कितीहि ऐटदार असो, ती तळहातास रुतली तर अडकित्ता फसलाच.

मग जिच्यावर नक्षी नाहीं, त्या विळीचें काय? पाट पायानें दाबून धरावा, पातें स्थिर उभें राहावें आणि दोन्ही हात मोकळे असावे, ही तिची रचना बसून चिरणाऱ्या गृहिणीच्या देहावरून उतरली आहे. तिचें खरें मर्म लोहाराच्या ‘पाणी देण्यांत’ असतें. पोलाद फार कठीण झालें तर धार तुटते, मऊ राहिलें तर ती वळते. या दोहोंमधील क्षण लोहार तापल्या धातूच्या रंगावरून ओळखतो. या ओळखीस कलादृष्टि म्हणावयाचें नाहीं, तर कशास? आनंद कुमारस्वामींनीं (१८७७–१९४७) ललित व उपयुक्त कलांमधील भिंत नाकारली, त्याचा प्रत्यय येथें येतो.

मात्र यावरून प्रत्येक सुरी कलाकृति ठरत नाहीं. अंधेरीजवळ वेसाव्याच्या कोळीवाड्यांत मासळी कापणारी कोळीण पातें निवडतांना धार आणि पकड पाहते. टीकाकारानें हाच अभिप्राय पहिला मानावा. ज्या पात्यास कांपतां येत नाहीं, त्यास शोभेची वस्तु म्हणावें. त्याची थोरवी गाऊं नये.

संग्रहालयांतील पात्यांत यामुळें एक उणीव राहते : त्यांची नक्षी दिसते, गुण अनुभवास येत नाहीं. शिवाय संग्राहकाचें नांव दारावर आहे, घडविणाऱ्यांचीं बहुधा हरवलीं आहेत. आणि तेथें वाहवा करणारा रसिकच बाहेर रस्त्याच्या कडेस भाता मांडून बसलेल्या घिसाड्याशीं कोयत्याच्या किमतीसाठीं घासाघीस करतो. ती घासाघीस चालू आहे तोंवर पात्याच्या कलेविषयीं बोलणें आपल्या तोंडीं शोभत नाहीं.