एक भाकर, एक प्याला : बेल्हारचा विश्वासांगीकार वाचताना

आज आम्ही आपल्यासमोर एका चर्चचा एक छोटासा दस्तऐवज वाचायला घेतला आहे. छोटासा म्हणजे किती, तर सावकाश वाचला तरी दहा-पंधरा मिनिटांत संपतो. पाच कलमं आहेत. पण त्या पाच कलमांमागे सव्वाशे वर्षांचा अपमान आहे, आणि त्यांच्यापुढे आजवर न सुटलेलं एक भांडण आहे.

सुरुवात एका साध्या गोष्टीने करू. कुठल्याही चर्चचं माहितीपत्रक उघडा. त्यात 'आमची मूल्ये' असं एक पान सापडतं. प्रेम, सेवा, एकता, न्याय, नम्रता. आता या यादीला नाही कोण म्हणेल? दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदाला बायबलचा आधार देणारं चर्चसुद्धा या यादीवर आनंदाने सही करून मोकळं झालं असतं. म्हणजे या यादीने कुणाचंच काही अडत नाही. मग चर्चचं तत्त्व नेमकं कुठे सुरू होतं? आमचं उत्तर असं : जिथे चर्च 'आम्ही हे मानतो' एवढ्यावर न थांबता 'म्हणून आम्ही हे नाकारतो' असं म्हणतं, तिथे. आणि हे दुसरं वाक्य स्वतःलाही लागू होतं हे जिथे कळतं, तिथे त्या तत्त्वाची परीक्षा सुरू होते. बेल्हारचा विश्वासांगीकार आम्ही या दोन कसोट्यांवर तपासणार आहोत.

विश्वासांगीकार म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं. आपली श्रद्धा काय आहे हे मंडळीने मोजक्या शब्दांत, सगळ्यांच्या देखत कबूल करायचं, तो विश्वासांगीकार. इ. स. 325 मध्ये निकीया इथे झालेला सगळ्यांना माहीत आहे. डच रिफॉर्म्ड परंपरेत असे तीन दस्तऐवज प्रमाण मानले जातात : 1561 चा बेल्जिक विश्वासांगीकार, 1563 ची हायडेलबर्ग प्रश्नोत्तरी आणि 1618-19 च्या डॉर्टच्या धर्मसभेचे नियम. तिन्ही युरोपातले, तिन्ही चारशे वर्षांपूर्वीचे. त्यात चौथा दस्तऐवज जोडणं ही लहानसहान गोष्ट नव्हे. ते एका चर्चने केलं, आणि तेही गोऱ्यांच्या चर्चने नव्हे, तर गोऱ्यांनी वेगळ्या काढून दिलेल्या चर्चने.

ते वेगळं कसं झालं? ही हकिकत जेवणाच्या टेबलापासून सुरू होते. प्रभुभोजनाच्या टेबलापासून.

केप प्रांतात गोरे वसाहतवाले होते, तसेच बाप्तिस्मा घेतलेले खोईखोई होते, गुलामगिरीतून सुटलेली माणसं होती, मिश्र वंशाची माणसं होती. 1829 मध्ये तिथल्या डच रिफॉर्म्ड धर्मसभेने ठरवलं की प्रभुभोजन रंग न बघता सर्वांना एकत्रच दिलं जाईल. निर्णय स्वच्छ होता. पण काही गोऱ्या सभासदांना काळ्या माणसाच्या ओठाला लागलेला प्याला आपल्या ओठाला लावायचा नव्हता. कुरबुर वाढत गेली, आणि 1857 च्या धर्मसभेने एक ठराव केला. हा ठराव फार बारकाईने वाचण्यासारखा आहे. त्याचा आशय असा : नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना आहे त्या मंडळीतच सामावून घेणं हे इष्ट आहे, शास्त्राला धरूनही आहे. परंतु काहींच्या दुर्बलतेमुळे जर ख्रिस्तकार्यात अडथळा येत असेल, तर त्यांची उपासना वेगळ्या इमारतीत व्हायला हरकत नाही.

बघा, ठरावाने तत्त्व नाकारलेलंच नाही. तत्त्व पहिल्या वाक्यात शाबूत आहे. दुसऱ्या वाक्यात एक 'परंतु' आला. आणि 'दुर्बल' कोण? ज्याला शेजारी बसायची किळस येते तो. त्याच्या किळसेला दुर्बलता म्हटलं आणि तिची काळजी घेतली. ज्याला बाहेर काढलं त्याच्या मनाचं काय झालं, याची काळजी ठरावात कुठेही नाही.

सवलत म्हणून आलेली गोष्ट हळूहळू रीत झाली. 1881 मध्ये मिश्र वंशाच्या लोकांसाठी डच रिफॉर्म्ड मिशन चर्च हे वेगळं चर्चच स्थापन झालं. पुढे काळ्या आफ्रिकनांसाठी वेगळं, भारतीय वंशाच्यांसाठी वेगळं. यातली विसंगती लक्षात घ्या. केपमधल्या मिश्र वंशाच्या बहुतेक लोकांची घरची भाषा आफ्रिकान्सच. प्रश्नोत्तरी तीच, उपासनेची पद्धत तीच. फक्त छप्पर वेगळं.

1948 मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे राज्याचं धोरण झालं. तिचे पंतप्रधान डी. एफ. मलान हे स्वतः पूर्वी डच रिफॉर्म्ड चर्चचे पाळक होते. आता रीतीला तत्त्वज्ञान लागलं. 1974 मध्ये डच रिफॉर्म्ड चर्चने वंश, राष्ट्र आणि लोकसमूह यांवर एक मोठा अहवाल स्वीकारला. त्यात बाबेलच्या बुरुजाची कथा आधाराला घेतली : भाषा आणि लोक वेगळे होणं ही देवाचीच योजना. प्रेषितांच्या कृत्यांतल्या सतराव्या अध्यायाचाही आधार घेतला. तिथे पौल म्हणतो की देवाने सगळी राष्ट्रं एकापासून निर्माण केली आणि त्यांच्या सीमा ठरवल्या. अहवाल मानवजातीची एकता नाकारत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण त्याचं सगळं वजन वाक्याच्या उत्तरार्धावर, सीमांवर पडलं. म्हणजे 1857 चा 'परंतु' आता मूळ वाक्यावर चढून बसला.

या पार्श्वभूमीवर 1982 उजाडलं. ऑगस्टमध्ये ओटावा इथे जगभरच्या रिफॉर्म्ड चर्चच्या महासंघाने वर्णभेदाचं धार्मिक समर्थन हे पाखंड ठरवलं, आणि दक्षिण आफ्रिकेतल्या दोन गोऱ्या चर्चचं सभासदत्व स्थगित केलं. महासंघाचे अध्यक्ष म्हणून निवडून आले मिशन चर्चचेच ॲलन बोसाक. त्यानंतर काही आठवड्यांनी मिशन चर्चची धर्मसभा केपटाउनजवळच्या बेल्हारला भरली. बेल्हार ही मिश्र वंशाच्या लोकांसाठी राखलेली वस्ती. तिथे प्रश्न असा निघाला : आपण समोरच्याला पाखंडी म्हणतो, तर आपण स्वतः काय मानतो ते कुठे लिहिलंय? तेव्हा सभा चालू असतानाच आफ्रिकान्समध्ये मसुदा तयार झाला. पहिला मसुदा लिहिणारे डर्की स्मिट हे स्वतः गोरे आफ्रिकानर. चार वर्षं तो मंडळ्यांमध्ये फिरला आणि 1986 मध्ये, देशात आणीबाणी चालू असताना, चर्चने तो विधिवत स्वीकारला.

आता मजकुराकडे येऊ. पहिलं कलम पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यावरचं. दुसरं चर्चच्या एकतेवर, तिसरं समेटावर, चौथं न्यायावर, पाचवं आज्ञापालनावर. मधल्या तीन कलमांची बांधणी सारखी आहे : आधी आम्ही हे मानतो, मग म्हणून आम्ही हे नाकारतो. ही बांधणी 1934 मध्ये नाझी राजवटीपुढे उभ्या राहिलेल्या जर्मन चर्चच्या बार्मेन घोषणेतून आलेली आहे.

दुसऱ्या कलमाचं बळ एका आग्रहात आहे : एकता दिसली पाहिजे. 'ख्रिस्तामध्ये आपण सगळे एकच' हे म्हणायला सोपं असतं, कारण तसली एकता अदृश्य असते. त्या एकतेला एका बाकावर बसावं लागत नाही. बेल्हार सांगतं की एकता ही देणगी आहे तशी जबाबदारीही आहे. एक भाकर खाणं, एका प्याल्यातून पिणं, एकमेकांची ओझी उचलणं यांतून ती जगाला दिसावी. 1857 च्या 'परंतु'ला एकशे पंचवीस वर्षांनी मिळालेलं हे उत्तर आहे, आणि ते त्याच टेबलावर दिलेलं आहे.

चौथ्या कलमावर सर्वांत जास्त वाद झाला. अन्यायाने भरलेल्या जगात देव विशेष करून निराधारांचा, गरिबांचा आणि अन्याय झालेल्यांचा देव आहे, असा त्याचा आशय. गोऱ्या चर्चचा आक्षेप असा की ही मुक्तीच्या धर्मशास्त्राची भाषा झाली, यात देव एका वर्गाच्या बाजूने उभा केला. आमच्या मते हा आक्षेप टिकत नाही. कारण कलमाची भाषा 146 व्या स्तोत्रातून आलेली आहे, आणि तिथे देव हेच करतो : भुकेल्यांना अन्न देतो, बंदिवानांना सोडवतो, अनाथांना आधार देतो. ज्यांनी बाबेलच्या कथेतून राज्याचं धोरण काढलं, त्यांना स्तोत्रातून गरिबाची बाजू निघाल्यावर राजकारण दिसावं, हे गमतीचंच आहे.

पण हा दस्तऐवज निर्दोष आहे असं आम्ही म्हणणार नाही. पहिली गोष्ट म्हणजे पाचही कलमांत 'अपार्टहाइड' हा शब्दच नाही. वंश आणि वर्ण यांच्या आधारे माणसांना सक्तीने वेगळं करण्याचा निषेध आहे, पण त्या व्यवस्थेचं नाव नाही. याचा एक फायदा झाला. व्यवस्था गेली तरी मजकूर जुना झाला नाही. तोटाही आहे. नाव नसलं की सही करणाऱ्याला आपल्यावर आरोप आहे असं वाटेनासं होतं. बार्मेनच्या बाबतीत हे फार महागात पडलं. तिथे ज्यूंचा उल्लेखच नव्हता, आणि ती उणीव कार्ल बार्थ यांनी पुढे स्वतः कबूल केली. बेल्हार निदान वंश आणि वर्ण हे शब्द उच्चारतं. त्यामुळे ते बार्मेनच्या एक पाऊल पुढे आहे. पण एकच पाऊल.

दुसरी गोष्ट जास्त दुखरी आहे. 1994 मध्ये, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या दोन आठवडे आधी, मिशन चर्च आणि काळ्या आफ्रिकनांचं चर्च एकत्र आले आणि नवं एकीकृत चर्च जन्माला आलं. बेल्हार हा त्याचा पाया. 2008 मध्ये याच चर्चच्या धर्मसभेपुढे बोसाक यांनी मांडलं की बेल्हार खरं मानायचं तर समलिंगी सभासदांनाही पूर्ण स्थान द्यावं लागेल, सेवापदंही खुली करावी लागतील. सभेने ते मानलं नाही. बोसाक यांनी चर्चमधल्या आपल्या सर्व पदांचा राजीनामा दिला. म्हणजे ज्यांनी 'परंतु' पुसला, त्यांच्याच सभागृहात तो पुन्हा येऊन बसला. इथे मतभेद असू शकतात, आणि त्या सभेतही शास्त्राचा आधार घेऊनच दोन बाजू मांडल्या गेल्या. पण 'सर्व' हा शब्द लिहिला की तो कुठवर जाईल, हे लिहिणाऱ्याच्या हातात राहत नाही.

तिसरी गोष्ट : ज्या चर्चने हे कबूल करायला हवं होतं, त्याचं काय झालं? 1990 मध्ये रस्टेनबर्ग इथल्या परिषदेत विली योंकर यांनी स्वतःच्या आणि डच रिफॉर्म्ड चर्चच्या वतीने वर्णभेदाच्या पापाची कबुली दिली, आणि डेस्मंड टुटू यांनी ती स्वीकारली. तो क्षण खरा होता. पण बेल्हारला आपल्या घटनेत जागा द्यायची वेळ आली तेव्हा लागणारा पाठिंबा मिळाला नाही. अमेरिकेतल्या रिफॉर्म्ड चर्चने 2010 मध्ये आणि तिथल्याच प्रेस्बिटेरियन चर्चने 2016 मध्ये बेल्हार स्वीकारलं. समुद्रापलीकडच्यांना जे जमलं, ते शेजारच्या गल्लीत जमलं नाही. कारण उघड आहे. दूरच्या माणसाला फक्त वाक्य स्वीकारायचं असतं. शेजाऱ्याला वाक्याबरोबर शेजारीही स्वीकारावा लागतो.

हे ऐकताना आपल्यापैकी अनेकांना दक्षिण आफ्रिका आठवत नसेल, पंगत आठवत असेल. ते साहजिक आहे. 1833 मध्ये कलकत्त्याचे बिशप डॅनिअल विल्सन यांना दक्षिण भारतातल्या मंडळ्यांना बजावावं लागलं की चर्चमध्ये जातिभेद चालणार नाही. त्यावरून बरेच लोक चर्च सोडून गेले. आणि 2016 मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर केलं, तेव्हा चर्चमध्ये जातिभेद अजून आहे हे त्यांना मान्य करावं लागलं. दोन्हींच्या मध्ये एकशे त्र्याऐंशी वर्षं आहेत. मूल्यांच्या यादीत एकता या सगळ्या काळात होतीच. आणि हा दोष एका धर्माचा नाही. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या देवळाच्या दाराबाहेर आहे, आणि ते दार सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषणाला बसावं लागलं. 'देवापुढे सगळे सारखे' हे वाक्य तिथेही कुणी नाकारलेलं नव्हतं.

तर मग बेल्हारचं मोल काय? त्याने चर्च एक झालं नाही. ते लिहिणारेही त्याला पूर्ण पुरे पडले नाहीत. तरीसुद्धा आम्ही या मजकुराला मोठा मानतो, आणि त्याचं कारण 2008 मध्येच आहे. त्या दिवशी चर्चमधला एक माणूस उठून आपल्याच सभेला सांगू शकला की तुमच्याच शब्दांप्रमाणे तुम्ही चुकता आहात. प्रेम, सेवा, नम्रता या यादीच्या आधारे असं कुणाला सांगता येत नाही. ती यादी कुणालाच दोषी ठरवत नाही. विश्वासांगीकारासोबत पाठवलेल्या पत्रात मिशन चर्चने लिहिलंच होतं की हे शस्त्र दुधारी आहे, पहिला दगड मारण्याचा अधिकार आम्हालाही नाही. ते पत्र लिहिणाऱ्यांना पुढचं सगळं ठाऊक नसेल, पण धार दोन्ही बाजूंना आहे हे ठाऊक होतं.

प्रश्नोत्तरांकडे वळण्यापूर्वी एक विनंती. आपण ज्या कुठल्या मंडळीत, मंडळात, संस्थेत असाल, तिथलं मूल्यांचं पान आज घरी जाऊन काढा. प्रत्येक मूल्यापुढे 'म्हणून आम्ही हे नाकारतो' एवढं लिहा, आणि पुढची जागा स्वतः भरून बघा. जिथे पेन अडखळेल, तिथे तुमच्या संस्थेचं खरं तत्त्व सापडेल.